परड्यातला दिवा

बापू चौगुल्यांच्या घरात एक दिवा कधीच विझत नसे. तो देवघरातला नव्हे. देवघरातलं निरांजन त्यांच्या पत्नी मालूकाकू सकाळ-संध्याकाळ लावत, तूप संपलं की ते आपोआप शांत होई आणि त्याचं कुणाला काही वाटत नसे. हा दिवा होता पुढच्या खोलीतल्या माशांच्या काचेच्या टाकीखाली, एका लाकडी कपाटात. विजेचा, पांढराफटक, डोळ्यात खुपणारा. कपाटाच्या फटीतून त्याच्या उजेडाची रेघ सदानकदा फरशीवर पडलेली असे. ती रेघ दिसली की बापूंना जेवण गोड लागायचं. ती दिसली नाही तर काय होईल याची धास्ती त्यांनी स्वतः घेतली होतीच, पण घरात येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ते ती वाटून टाकत. मला तर त्यांनी ती भाड्याच्या खोल्यांबरोबरच दिली.

मी तेव्हा कॉलेजात भूगोल शिकवायला म्हणून कोल्हापुरात आले होते आणि कळंब्याच्या रस्त्याला त्यांच्या घराचा वरचा मजला बघायला गेले होते. दुसरा कुठलाही घरमालक विचारतो ते काहीच त्यांनी विचारलं नाही. एकटी राहणार का, पाहुणे किती येणार, मांसाहार करता का, काही नाही. म्हणाले, "बाई, वर गिझर लावनार, इस्त्री लावनार, मिक्सर लावनार. लावा की. पन तिन्ही एकदम न्हाय. आन् गिझर लावायच्या आदी खाली हाळी द्यायची." कारण उघड होतं. वर भार वाढला आणि फ्यूज उडाला तर खालचा दिवा जाईल. त्यामुळे मी रोज जिन्यात उभी राहून "बापू, गिझर!" असं ओरडायची आणि खालून "लावा!" असं उत्तर आलं की मगच बटण दाबायची. माझ्या अंघोळीची वेळ अख्ख्या गल्लीला पाठ झाली होती.

बापू अंगानं किरकोळ होते, पण आवाज असा की उद्यमनगरातल्या त्यांच्या वर्कशॉपमध्ये चार लेथ चालू असतानाही तो पलीकडच्या टपरीपर्यंत पोचायचा. कामगार त्यांना टरकून असत. पण आवाज मोठा असला तरी मन मात्र सशाचं होतं, हे घरी राहणाऱ्यालाच कळायचं. गाडी लावून आले की हँडल दोनदा ओढून बघत, कुलूप लावलं की त्याला लोंबकळत, गॅस बंद केला की शेगडीचा वास घेत. मालूकाकू म्हणायच्या, ह्या माणसानं लग्नात अंतरपाट धरनाऱ्यालाबी नीट धर म्हनून सांगितलं हुतं.

यंत्राची तब्येत बघायची त्यांची एक पद्धत होती. लांब दांड्याचा स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, त्याचं टोक मोटारीच्या अंगावर ठेवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. आतलं बेअरिंग झिजलंय की नाही ते त्यांना असं ऐकू यायचं. घरी आले की चहाआधी टाकीच्या पंपाची हीच तपासणी. मग उठून म्हणायचे, "आवाज करून बंद पडतंय त्येचं मला भ्या न्हाय. गपचूप बंद पडतंय, त्येचं हाय." हे वाक्य मी त्या घरात इतक्यांदा ऐकलं की पुढे रात्री माझा पंखा जरा जास्तच शांत वाटला तरी मी उठून बघायला लागले.

टाकीत समुद्राचं पाणी होतं. म्हणजे खास मीठ आणून, गाळलेल्या पाण्यात मोजून कालवलेलं. कोल्हापुरात लोक मासे पाळतात ते साध्या पाण्यातले; खाऱ्या पाण्याचा संसार मांडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. वरच्या टाकीत दगड आणि केशरी अंगावर पांढरे पट्टे असलेली एक माशांची जोडी. त्यातली आकारानं मोठी ती बायको, आणि ती धाकट्या नवऱ्याला कोपऱ्यात दाबून ठेवते, असं बापू आल्या-गेल्याला दाखवत आणि काकूंकडे बघून म्हणत, "आमच्याच घरातली रीत." वरचं पाणी नळीनं खालच्या कपाटातल्या दुसऱ्या लहान टाकीत उतरायचं, तिथून पंपानं परत वर जायचं. त्या खालच्या टाकीत मासे नव्हते. नुसतं शेवाळ वाढवलेलं. घरामागच्या मोकळ्या जागेत आपण आळू-कर्दळ लावतो, सांडपाणी तिकडे सोडतो आणि आळू माजतो, तसंच हे. म्हणून बापूंनी तिचं नाव परडं ठेवलं होतं. माशांची घाण पाण्यात मिसळते, ती शेवाळ खातं आणि फोफावतं, फोफावलं की मूठभर काढून टाकायचं. घाण घराबाहेर गेली. इतका सरळ हिशेब होता.

हा नाद त्यांना लागला कसा, याचं सगळ्यांनाच नवल वाटे, कारण समुद्राला ते भीत. लग्नानंतर एकदा गणपतीपुळ्याला गेले होते, लाट घोट्याला लागली आणि पायाखालची वाळू सरकली, तेवढ्यावर परत फिरले ते फिरलेच. मग कधीतरी मुंबईला एका गिऱ्हाइकाच्या ऑफिसात ताटकळत बसले असताना तिथल्या टाकीची मोटार वाईट आवाज करतेय असं त्यांच्या कानाला कळलं. राहवेना. तिथंच मांडी घालून मोटार उघडली, साफ केली, चालू करून दिली. गिऱ्हाईक खूश झालं आणि निघताना त्यानं दोन पिल्लं आणि शेवाळाची एक फांदी पिशवीत बांधून दिली. नको म्हणायचं धाडस झालं नाही. रेल्वेत रात्रभर मांडीवर पिशवी धरून बसले. मी एकदा विचारलं की समुद्राची एवढी भीती, मग तो घरात का आणलात. तर म्हणाले, घरात असला म्हंजे त्येच्यावर नजर ठेवता येती.

ती फांदी म्हणजे द्राक्षवेल. हे नाव बापूंचं. हिरव्यागार देठावर बारीक मण्यांचे घोस, अगदी तासगावच्या मळ्यातून छोटा करून आणल्यासारखे. फार देखणा होता तो. बापूंनी दुसरी शेवाळंही करून बघितली होती. कोथिंबिरीच्या पातळ पानासारखं एक होतं, त्याचे तुकडे सुटून पंपात अडकले. एक तांबडं होतं, ते रुसून पांढरं पडलं. आणि एक घासणी, म्हणजे भांडी घासायच्या तारेच्या गुंडाळीसारखं हिरवं जंजाळ. जाणकार सगळे फोनवर तेच ठेवा म्हणून सांगत. ते फुटत नाही, मुळं धरत नाही, मूठ मारली की निघतं. बापू नाक मुरडत. "भांड्याची घासनी परड्यात कोन लावतंय?" असं म्हणून त्यांनी ती कुणाला तरी देऊन टाकली.

द्राक्षवेलात एकच खोट होती आणि तिच्याबद्दल बोलताना मात्र बापूंचा आवाज खाली येई. पहिल्या वर्षी ते रात्री दिवा बंद करत. एक दिवस सकाळी उठून बघतात तर टाकीत दूध. वेल फुटला होता. म्हणजे असं, की हा वेल कधीतरी, न सांगता, आपल्या पोटातलं सगळं एका झटक्यात पाण्यात सोडून देतो आणि स्वतः पांढरी, पोकळ साल होऊन लटकतो. पाण्यातला प्राणवायू संपतो. त्या सकाळी निळा मासा गेला, झिंगा गेला, गोगलगाई गेल्या, ही जोडी तेवढी कशीबशी वाचली. पुढे कुणीतरी सांगितलं की चोवीस तास उजेड ठेवला तर वेल फुटायची शक्यता कमी होते. कमी होते, जात नाही. पण बापूंनी त्या दिवशी दिवा लावला तो लावलाच.

तेव्हापासून त्या वेलाशी त्यांचं वागणं सुनेच्या बाळंतपणात सासऱ्यानं वागावं तसं होतं. रविवारी छाटणी. पण कात्री नाही, कारण कापलं की देठ गळतो आणि घाबरलेला वेल फुटतो, असं त्यांचं म्हणणं. दगडावरून अख्खी फांदी मुळासकट अलगद सोडवायची. सोडवताना श्वास धरायचे. आणि काढलेला वेल टाकायचा कुठे, ही आणखी एक चिंता. मोरीत टाकला तर गटारातून नाल्याला, नाल्यातून पंचगंगेला, तिथून कृष्णेला आणि शेवटी समुद्रात जाऊन माजेल. म्हणून ते तो गच्चीवर वाळवून, चुरा करून, जाळत. मी भूगोलवाली. मी सांगितलं, की बापू, हा खाऱ्या पाण्यातला, पंचगंगेच्या गोड्या पाण्यात पडला तर तासाभरात मरेल. त्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. म्हणाले, "तुमास्नी म्हाईत हाय. वेलाला म्हाईत हाय का?"

मी हसले होते. पण पुराच्या पावसाळ्यात हसू गेलं. पंचगंगा चढत होती, गावठाणातली माणसं सामान माळ्यावर टाकत होती. आमच्या भागाला पाण्याचा धोका नव्हता, पण वीज गेली. इन्व्हर्टर दुसऱ्या दिवशी मान टाकणार हे बापूंना ठाऊक होतं. त्यांनी गाडीची बॅटरी काढली, शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरची मागून आणली, वर्कशॉपमधली आणली, आणि परड्याचा दिवा एका बॅटरीवरून दुसरीवर हलवत राहिले. मी खाली मेणबत्ती न्यायला गेले तर अख्खं घर काळोखात आणि फरशीवर ती एक पांढरी रेघ. तिच्याशेजारी बापू भिंतीला टेकून बसलेले. मला वाटलं होतं की आता गंमत करतील. त्यांनी नुसतंच वर बघितलं. त्या नजरेत इतकी उघडी भीती होती की मला माझीच लाज वाटली आणि मी मेणबत्ती न मागता त्यांच्याजवळ बसून राहिले.

आता खंडेनवमीचं सांगायला हवं. कोल्हापुरात त्या दिवशी यंत्रं चालत नाहीत. लेथ धुवायचे, पुसायचे, हळद-कुंकू लावायचं, झेंडूचा हार घालायचा आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्यापर्यंत त्यांना विसावा द्यायचा. बापू याबाबतीत कडक. एकदा एका कामगारानं घाईचं काम म्हणून त्या दिवशी ड्रिल चालवलं तर त्याला त्यांनी सगळ्यांदेखत झापलं होतं. माणसाला रविवार लागतो तर लोखंडाला एक दिवस नको का, असं म्हणत. घरात मिक्सर, शिलाई मशीन, गाडी, काकूंची विळीसुद्धा त्या दिवशी पाटावर. फक्त टाकीला सवलत होती. तिला चालू असतानाच हळद-कुंकू लागे आणि बापू तिच्यासमोर हात जोडून पुटपुटत, "तुला बंद करता येत न्हाय, माफ कर." काकू मागं उभ्या असत. त्यांना ते पटत नसे. एका दिवसाचा नेम, तोही आपण मोडतो, कधीतरी बाधेल, असं त्या मला स्वयंपाकघरात हळूच म्हणायच्या.

मग बापूंच्या छातीत दुखलं. तपासणीत निघालं की तीन ठिकाणी नळ्या तुंबल्यात, छाती उघडून नव्या जोडाव्या लागतील. डॉक्टरांनी लवकर करा म्हणून सांगितलं. बापूंनी श्रावण होऊ दे म्हटलं. श्रावण झाला, गणपती होऊ देत म्हटलं. गणपती गेले, तर वेल सध्या कोवळा हाय, असं निघालं. मी गेलो की परडं कोन बघनार, हा त्यांचा प्रश्न. जिना चढताना ते आता मधेच थांबत, आणि थांबलो हे दिसू नये म्हणून कठडा हलवून बघितल्यासारखं करत. एका दुपारी काकू माझ्याकडे वर आल्या, खुर्चीवर बसल्या आणि सरळच म्हणाल्या, "वेलाचं निमित्त हाय, बाई. ह्यो मानूस भ्यालाय."

खरं होतं. मला त्यांनी स्वतःच सांगितलं, तेही टाकीकडे बघत. कापण्याची भीती नव्हती. झोपवतात, याची होती. "मला झोपीवनार. मंग काय बिघडलं तर मी बघाया नसनार," असं म्हणाले. स्वतःच्या छातीत काही बिघडलं तर त्याचा आवाज ऐकायला आपण जागे नसू, ही त्यांची अडचण.

शेवटी काकूंनी तोड काढली. म्हणाल्या, मला शिकवा परडं. बापूंनी शिकवलं. रोज संध्याकाळी दोघं कपाटासमोर बसत आणि बापू उजळणी घेत. दिवा? बंद न्हाय. कात्री? न्हाय. पानी आटून कमी झालं तर? साधं गाळलेलं घालायचं, खारं न्हाय. वेल पांढरा दिसला तर? मासं काढून पिंपात. न्हाणीघरात एक निळं पिंप होतं, त्यात कालवलेलं खारं पाणी भीतीपोटी कायम भरून ठेवलेलं असे. काकूंना सगळं तोंडपाठ झालं. मग तारीख ठरली, दसऱ्याची. त्या दिवशी मुहूर्त बघावा लागत नाही म्हणून काकूंनीच ती धरून ठेवली, आणि डॉक्टरही तयार झाले.

बापू काही दिवस आधीच दवाखान्यात दाखल झाले होते. खंडेनवमीच्या संध्याकाळी त्यांचा भाचा तिथे थांबला आणि काकू पूजेसाठी घरी आल्या. दसऱ्याच्या पहाटे उजाडता उजाडता त्यांनी मला हाक मारली. हाक मोठी नव्हती. बापूंच्या घरात राहून मीही एवढं शिकले होते, की गपचूप हाकेला भ्यायचं असतं. मी अनवाणी खाली आले.

फरशीवर रेघ नव्हती. वरच्या टाकीत पाणी नव्हतं, ताकासारखं काहीतरी होतं. दगड दिसत नव्हते. कपाट उघडं होतं, टाकीच्या काचेवर हळद-कुंकवाची बोटं, वर झेंडूचा हार, आणि आत वेल होता तिथे पांढऱ्या, चिकट चिंध्या. काकू फरशीवर बसल्या होत्या. "मोटर चालू ठेवली हुती मी," त्या म्हणाल्या. "नुसता दिवाच बंद केला. एक रात. म्हटलं, आज त्येंच्या छातीचा दिवस, आज तरी नेम मोडाया नगो."

मला भीती वाटली. मासे गेले असतील याची नव्हे. आता काही वेळात बापूंना आत नेणार होते आणि हे त्यांना कळलं तर काय होईल, याची. वेल त्या एका रात्रीमुळेच फुटला की तो फुटणारच होता, हे कुणाला सांगता येणार नव्हतं, पण काकूंनी स्वतःविरुद्ध निकाल लावून टाकला होता. मी त्यांना दंडाला धरून उठवलं. दोघींनी बाह्या वर केल्या आणि त्या पांढऱ्या पाण्यात हात घालून चाचपडत मासे शोधले. मोठी पाण्याच्या अगदी वर येऊन तोंड उघडझाप करत होती, ती लगेच सापडली. धाकटा दगडामागे आडवा पडला होता. दोघांना पिंपात सोडलं, बॅटरीवरचा हवेचा पंप लावला. धाकटा बराच वेळ हलला नाही. मग त्याचा एक कल्ला हलला.

तेवढ्यात फोन वाजला. बापू रोज सकाळी दवाखान्यातून फोन करत आणि एकच विचारत. काकूंनी ओला हात पदराला पुसला, फोन कानाला लावला. मला पलीकडचा आवाज ऐकू येत होता. "पानी कसं हाय?"

"काचंसारखं हाय," काकू म्हणाल्या. आवाज जराही हलला नाही. फोन ठेवला आणि तशाच चपला सरकवून त्या रिक्षा बघायला बाहेर पडल्या.

दवाखान्यात बापू हिरवा झगा घालून ढकलगाडीवर पडले होते, आणखीच लहान दिसत होते. गाडीचं चाक सैल आहे असं ते वॉर्डबॉयला सांगत होते. काकू जवळ गेल्या, त्यांनी बापूंच्या कपाळावर हात ठेवला. तेव्हा मला दिसलं, की घाईत आम्ही हात धुतलेच नव्हते. काकूंच्या कोपरापर्यंत मीठ वाळून पांढरं झालं होतं आणि मेलेल्या वेलाचा तो आंबूस वास येत होता. बापूंनी त्या हाताकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग काकूंच्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "पानी?"

"काचंसारखं."

"मंग झालं तर," बापू म्हणाले आणि डोळे मिटले. गाडी आत गेली. दार लागल्यावर काकू बाकावर बसल्या आणि मला म्हणाल्या की आता ते बाहेर आले नाहीत तर मी त्यांना शेवटचं खोटं बोलले असं होईल. त्या दुपारइतकी लांब दुपार मी बघितलेली नाही. बाहेर रस्त्यानं सोनं द्यायला लोक चालले होते, नवे कपडे, गाड्यांना हार. काकूंच्या हातावरचं मीठ धुवायला मी त्यांना नळावर नेलं तर त्या नको म्हणाल्या.

बापू बाहेर आले. शुद्धीवर यायला वेळ लागला, पण आले. बोलता यायला लागल्यावर रोज तेच विचारत आणि काकू रोज तेच उत्तर देत. इकडे आम्ही दोघींनी टाकी उपसली, दगड खाऱ्या पाण्यात खळबळून घेतले, पाणी कालवून कालवून भरलं आणि जोडीला परत वर सोडलं. परडं मात्र रिकामं राहिलं. बापू घरी आले, खुर्चीत बसले, वाकायला मनाई होती म्हणून काकूंना कपाट उघडायला लावलं. आत दिवा जळत होता आणि खाली नुसतं पाणी. काकू म्हणाल्या, लई वाढलाता, छाटला. अख्खा वेल कुणी छाटत नाही, हे तिथल्या माशांनाही कळलं असतं. बापू म्हणाले, बरं केलंस.

मग काही दिवसांनी त्यांनी मला पुण्याच्या एका शौकिनाला फोन लावायला सांगितला आणि घासणी मागवली. बसनं पिशवी आली. ते हिरवं तारांचं जंजाळ त्यांनी परड्यात सोडलं, बोटानं ढकललं, ते पाण्यात हळूहळू गोल फिरायला लागलं. देखणं अजिबात नव्हतं. वेलाची फांदी कुठे मिळते का बघू, असं मी म्हटलं तर त्यांनी नको म्हणून मान हलवली. मला वाटलं थकलेत, आता सोपं ते पत्करलं असेल.

त्यानंतर लवकरच माझी कुरुंदवाडला बदली झाली आणि मी ते घर सोडलं. बापू पुढे दोन वर्षं होते. ते गेल्याचं मला काकूंच्या फोनवरून कळलं, पण मला ते आठवतात ते मी निघाले त्या संध्याकाळचे. टेम्पोत सामान चढलं होतं. किल्ली द्यायला मी खाली आले तर बापू परड्यासमोर खुर्ची ओढून बसले होते. मी दारात असतानाच त्यांनी हात पुढे केला आणि दिव्याचं बटण बंद केलं. फरशीवरची रेघ गेली.

स्वयंपाकघरातून काकू धावत आल्या. हाताला पीठ होतं. काळोख्या कपाटाकडे बघून त्यांच्या तोंडाचा रंगच उडाला. दिवा का गेला, असं त्यांनी विचारलं.

"गेला न्हाय. मी बंद केला," बापू म्हणाले. "ह्या घासनीला अंधार चालतोय. हिला रातचं झोपीवलं तरी ती फुटत न्हाय. आता खंडेनवमीलाबी बंद करायचा, तुला वाटंल तवा बंद करायचा. पुन्यांदा असं एकटीनं भ्यायचं न्हाय."

पिठाच्या हातानंच काकूंनी खुर्चीचा हात धरला आणि खाली फरशीवर बसल्या. काय बी हुत न्हाय, बस, असं बापू त्यांना समजावत राहिले आणि दोघं त्या अंधाऱ्या चौकोनाकडे बघत राहिले. मी किल्ली कोनाड्यात ठेवली आणि हाळी न देता निघाले. बापूंचा एक हात काकूंच्या खांद्यावर होता. दुसरा अजून बटणावरच होता.